बगळे जिंकतील त्या दिवशी

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नानिवा हेरन्स हा बेसबॉल संघ नऊ सामन्यांनी पुढे होता, आणि एकाहत्तर वर्षांच्या संथ, नीटनेटक्या आयुष्यात हिरोत्सु शिगेकाझु यांनी पहिल्यांदाच घाई केली. त्यांनी पाथरवटाला फोन लावला.

यात घाई कसली, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. ओसाकातल्या माणसाला वाटणार नाही. हेरन्सना इथे सगळे बगळे म्हणतात. विजयध्वज त्यांनी शेवटचा जिंकला त्याला एकसष्ट वर्षे झाली. तेव्हापासून ते नावाला जागत आले आहेत, म्हणजे एका पायावर उभे राहून समोरून जाणाऱ्या चेंडूकडे गंभीरपणे बघत राहिले आहेत. फरक इतकाच की खरा बगळा शेवटी मासा पकडतो. अशा संघाच्या भरवशावर आधी काही ठरवून ठेवणे हा या शहरात नुसता भाबडेपणा मानला जात नाही. तो अपशकुन असतो, आणि करणाऱ्याचे नाव पुढे कित्येक वर्षे घेतले जाते. कामेनोहाशीच्या बाजारगल्लीतल्या साकेवाल्याने एका ऑगस्टमध्ये उत्सवासाठी तांदळाच्या दारूची तीन पिंपे मागवली होती. बगळे चौथे आले. ती पिंपे थंडी संपेपर्यंत दुकानासमोर उभी राहिली, आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत की वसंतात त्याने दुकान विकले आणि तो मेहुण्याच्या गावी निघून गेला.

हे सगळे हिरोत्सुंना ठाऊक होते. तरी त्यांनी फोन लावला, कारण त्यांच्या बैठकीच्या खोलीत, फळीवर, रेडिओच्या उजव्या अंगाला गेन वाट बघत होता.

माकिउरा गेन्जिरो, म्हणजे गेन, हा हिरोत्सुंचा शाळेपासूनचा मित्र. दोघे विनोदवीर रंगमंचावर शेजारी शेजारी उभे राहतात, एक वेडगळ बोलतो आणि दुसरा त्याला दटावतो, त्या प्रकारचे संवाद लिहिण्यात त्याचे आयुष्य गेले. चार पिढ्यांच्या जोड्यांना त्याने हशे पुरवले. त्याचे स्वतःचे नाव मात्र फारसे कुणाला माहीत झाले नाही. एकोणिसाव्या वर्षी तो आणि हिरोत्सु स्वतःच जोडी म्हणून एका छोट्या नाट्यगृहात उभे राहिले होते. अकरा मिनिटे. गेनने बेफाम काहीतरी म्हणायचे आणि हिरोत्सुंनी त्याला टोकायचे, असे ठरले होते. हिरोत्सुंनी टोकले, परंतु इतक्या मनापासून, इतक्या तपशिलात आणि नदीच्या लांबीचे खरे आकडे देऊन, की प्रेक्षकांपैकी एकाने वही काढली. हशा एकदाही आला नाही. पुढच्याच महिन्यात हिरोत्सुंनी वॉर्ड कचेरीची परीक्षा दिली, आणि जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे अडतीस वर्षे बसून, जिथे टोकणे हेच काम असते तिथे, ते सुखी झाले.

सात वर्षांपूर्वी गेन गेला. जाण्याआधी चार दिवस त्याने थोरल्या बहिणीला, किनुएताईंना, आणि हिरोत्सुंना पलंगाशी बोलावले.

"मला घरच्या थडग्यात ठेवाल ना, ते बगळे ध्वज जिंकतील त्या दिवशी ठेवा," तो म्हणाला. "आधी नको."

"का रे बाबा?" किनुएताईंनी विचारले.

"खाली बाबा आहेत. मी गेलो की ते तब्येत विचारणार नाहीत, बायको का नाही केलीस तेही विचारणार नाहीत. 'बगळे जिंकले का?' एवढंच विचारतील. तेहतीस वर्षं वाट बघून गेला तो माणूस. मी तिथे रिकाम्या हाती जाणार नाही. तोवर मला शिगेकडे ठेवा, त्याच्याकडे रेडिओ चांगला आहे."

मृतांना बातमी देण्याची आणि त्यांनी ती विचारण्याची ही पद्धत इथे इतकी घरगुती आहे की यात दोघांनाही चमत्कारिक असे काही वाटले नाही. आमच्याकडे चितेनंतर थोड्याच अस्थी उचलतात. कलश चहाच्या डब्याएवढा होतो. तो पांढऱ्या कापडात बांधून, लाकडी पेटीत घालून हिरोत्सुंनी घरी आणला, आणि सात वर्षे प्रत्येक सामन्याला त्याच्यापुढे बार्लीच्या गार चहाचा एक पेला ठेवला.

आणखी एक सांगायला हवे. हिरोत्सु प्रत्येक सामन्याची नोंद ठेवत. चेंडू कुणी मारला, कुठे गेला, कुणी सोडला, सगळे बारीक चिन्हांत, टोकदार पेन्सिलीने. पंचेचाळीस वर्षांच्या वह्या होत्या त्या, आणि त्यांत एकही खोटी खूण नव्हती. पानाच्या तळाशी प्रेक्षकसंख्येची एक चौकट असते. मैदानातला आकडा रेडिओ सांगे. तरी गेन घरी आल्यापासून हिरोत्सु त्या चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहीत: दोन.

तर घाईचे कारण. किनुएताई ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. पन्नास वर्षे उभे राहून बायकांचे केस कापल्यामुळे त्यांचे गुडघे गेले होते, आणि ऑक्टोबरअखेर त्या कुमामोतोला भाचीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. गेनच्या घराण्याचे थडगे ज्या देवळात, ते उंचावर, त्रेचाळीस पायऱ्यांवर.

"या वर्षी चढेन," त्या ऑगस्टमध्ये म्हणाल्या होत्या. "पुढच्या वर्षी मलाच कुणीतरी डब्यात घालून न्यावं लागेल. गेनला बाबांशेजारी ठेवलेलं डोळ्यांनी बघते, मग मला कुठंही पाठवा."

पाथरवटाचे नाव इनुइ. तो शब्द दगडासारखेच तासून, एकेक वापरी.

"नाव कोरायला तीन आठवडे," तो म्हणाला. "तारीख?"

"ते बगळे जिंकले की सांगतो."

"हिरोत्सुसान, मी दगडाचं काम करतो. दगड थांबतो. माणसं थांबत नाहीत. ऑक्टोबरात माझ्याकडे एकच दिवस आहे. सहा तारीख."

देवळातला भिक्षू र्योशो हा चाळिशीतला, तोक्योहून आलेला, आणि मनाने राजधानीच्या संघाचा. बगळ्यांच्या मागे नऊ सामन्यांवर होता तो हाच संघ. इतक्या वर्षांत त्याने ही गोष्ट कधी लपवली नव्हती आणि कधी उच्चारलीही नव्हती. दोन्हीही मोठेपणाची लक्षणे.

"सहालाच मीही मोकळा आहे," त्याने वही चाळून सांगितले. "नंतर थेट मार्च. आणि हिरोत्सुसान, शेवटचा सामना पाचला आहे. आमच्याविरुद्ध."

"तोवर निकाल लागून पंधरा दिवस झालेले असतील," हिरोत्सु म्हणाले. असे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते. तरीही सहा तारीख ठरली.

त्या संध्याकाळी बगळे हरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून हरले नाहीत.

बातमी कशी फुटली याचा हिरोत्सुंनी पुढे बराच विचार केला. इनुइ बोलला नसणार. तो पैसे मागतानासुद्धा बोलत नाही. पण इनुइची बायको समुद्रशैवाल त्सुबोइकडून घेई, आणि त्सुबोइ हा बाजारगल्लीच्या समितीचा अध्यक्ष. गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या फलकावर, ध्वजासाठी अजून किती विजय हवेत तो आकडा रोज सकाळी बदलण्याचा मान त्याचा. गेले चार दिवस त्याला शिडीवर चढावेच लागले नव्हते. पाचव्या दिवशी तो दोन शेजारी घेऊन हिरोत्सुंच्या दारात उभा राहिला.

"हिरोत्सुसान, आम्ही आरोप करत नाही," तो आत येत म्हणाला. "फक्त विचारतो. तुम्ही पाथरवट ठरवलात?"

"ठरवला."

"देऊळ?"

"तेही."

"जेवणाचे डबे?"

हिरोत्सुंनी खाली पाहिले. "सोळा."

त्सुबोइ मटकन बसला. मागच्या दोघांपैकी एक हळूच म्हणाला, "साकेवाल्याने पिंपं तरी तीनच मागवली होती."

पुढचे दोन आठवडे हिरोत्सुंना अशा सहानुभूतीत काढावे लागले, जिच्यापेक्षा दगड मारलेले बरे. न्हाव्याने सुचवले की त्यांनी रेडिओ ऐकूच नये. भाजीवाल्या बाईचे म्हणणे, ऐकावा, पण नेहमीच्या जागी बसू नये. हिरोत्सु स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकू लागले. बगळे अकराव्या डावात हरले, आणि हिरोत्सुंची कंबर धरली. त्सुबोइचा उपाय सरळ होता: सगळे रद्द करा. हिरोत्सुंनी डबे रद्द केले. देवळात फोन केला, तेव्हा र्योशो शांतपणे म्हणाला, "रद्द करतो. तारीख दुसऱ्या कुणाला देत नाही, एवढंच." इनुइला फोन केला.

"नाव कोरून झालं," इनुइ म्हणाला.

"कोरलेलं मागे घेता येतं का?"

"दगडात?"

त्यांनी फोन ठेवला. बगळे त्या दिवशीही हरले. माणसाने केलेली चूक माणूस मागे घेऊ शकतो, पण ती एकदा विश्वाच्या कानावर गेली की उपयोग नसतो, असे काहीसे हिरोत्सुंच्या मनात आले. आणि सव्वीस सप्टेंबरला आपण एका बेसबॉल संघामुळे विश्वाचा विचार करीत आहोत याचे त्यांना वैषम्य वाटले.

याच सुमारास कागद हरवल्याचे ध्यानात आले.

दहनानंतर जो शिक्क्याचा दाखला मिळतो तो अस्थी थडग्यात ठेवताना लागतो. तो हरवू नये म्हणून लोक कलशाच्या पेटीतच ठेवतात. सगळे लोक. हिरोत्सुंनी अडतीस वर्षे खिडकीतून प्रत्येकाला बजावले होते की तो पेटीतच ठेवा, पेटीतून काढू नका. आणि मग स्वतःच्या मित्राचा दाखला त्यांनी, पेटीला दमट हवा लागेल म्हणून, काढून अधिक सुरक्षित जागी ठेवला होता. जागा इतकी सुरक्षित होती की तीन दिवस घर उलथेपालथे करूनही त्यांना ती गवसली नाही.

वॉर्ड कचेरीत त्यांच्या जुन्या खिडकीमागे आता उराबे नावाची बाई बसे. एकविसाव्या वर्षी ती त्यांच्याच हाताखाली लागली होती.

"दुसरी प्रत हवी होती," हिरोत्सु म्हणाले. "माकिउरा गेन्जिरो. सात वर्षं झाली."

उराबेबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती त्यांना ओळखीची वाटली. ती त्यांचीच नजर होती.

"आमच्याकडे नोंद पाच वर्षं असते, सर. त्यानंतर स्मशानातून दाखला आणायचा, तोही ज्यांनी मूळ अर्ज केला त्यांनी स्वतः, शिक्का घेऊन." तिने बोटाने खिडकीच्या काचेकडे निर्देश केला. तिथे प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली एक पिवळट सूचना होती. सुरेख, तिरप्या अक्षरात चारही नियम लिहिलेले, आणि खाली: अपवाद नाही.

"अक्षर अजून चांगलं दिसतं," हिरोत्सु म्हणाले.

"तुमचंच आहे ना, सर." तिने आवाज खाली आणला. "कागद पेटीत नव्हता ठेवला?"

हिरोत्सु सूचनेतले नियम पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. काही प्रश्नांची उत्तरे देण्याइतका माणूस निवृत्तीनंतरही निर्लज्ज होत नाही.

कागद किनुएताईंनी शोधला. त्या आल्या, पाय लांब करून बसल्या, आणि म्हणाल्या, "शिगे, तू घरात कुठं बघत नाहीस ते सांग."

"सगळीकडे बघितलं, ताई."

"बघितलं कुठं ते नाही विचारलं. गेन गेला त्या वर्षीची वही काढ. शेवटचा सामना."

हिरोत्सु वर्षातल्या शेवटच्या सामन्याचे पान पुन्हा कधीच उघडत नसत. ते प्रत्येक वर्षी सारखेच असे. कागद तिथेच होता, आठ-एकच्या पराभवावर घडी करून ठेवलेला, कोरडा ठणठणीत.

पाच ऑक्टोबरला दुपारी, वर्षाच्या शेवटच्या सामन्याला उभे राहताना बगळे आणि राजधानीचा संघ अगदी बरोबरीत होते. एकच सामना, जिंकेल त्याचा ध्वज. किनुएताई ऐकायला हिरोत्सुंकडे आल्या. फळीवर एक आणि चटईवर दोन पेले मांडले. गल्लीतली सगळी दुकाने उघडी होती आणि एकाही दुकानात कुणी काही विकत नव्हते. एकच आवाज तीसएक रेडिओंतून येत असल्यामुळे तो आकाशातून आल्यासारखा भासत होता. उन्हाचा एक तिरपा पट्टा पेटीच्या पांढऱ्या कापडावरून हळूहळू सरकत गेला. आठव्या डावापर्यंत दोन-दोन होते.

नवव्यात एक सोपा चेंडू उंच उडाला. खाली बगळ्यांचा फुनाकोशी होता, तिसऱ्या बेसवरचा, पोट सुटलेला, सतरा वर्षे इमानाने खेळणारा. त्याने हात वर केले. निवेदकाचा आवाज थांबला, आणि तो थांबताच सगळ्या गल्लीला कळले.

हिरोत्सुंनी चूक दर्शवणारी खूण केली. तिच्यापुढे फुनाकोशीचा क्रमांक लिहिला. दोन-तीनच्या पराभवावर पान पुरे केले. तळाच्या चौकटीत लिहिले: तीन. मग त्यांनी एक उसासा टाकला.

"तुला बरं वाटलं," किनुएताई म्हणाल्या.

"काय म्हणता, ताई?"

"मी पन्नास वर्षं बायकांच्या डोक्यामागं उभी राहिलेय. तोंड दिसत नसलं तरी माणूस काय करतंय ते मला मानेवरून कळतं. आत्ता तुझी मान सैल झाली. दरवर्षी होत असणार. हरले, वाईट झालं, आणि चला, गेन अजून एक वर्ष राहिला."

हिरोत्सु पेन्सिलीचे टोक बघत राहिले. बाहेर कुणीतरी दुकानाची झडप खाली ओढत होते. सात शरद ऋतू त्यांनी स्वतःशीसुद्धा हे वाक्य उच्चारले नव्हते. आता ते खोलीच्या मध्यभागी, चटईवर, पेल्यांशेजारी येऊन बसले होते आणि अजिबात उठत नव्हते.

"घर लहान आहे," ते अखेर म्हणाले. "पण एकट्याला मोठं होतं."

"माहीत आहे. मीही बोलले नाही सात वर्षं. पण मला जायचंय, शिगे. आणि माझ्या भावाला मी फळीवर सोडून जाणार नाही."

हिरोत्सुंनी उठून पेटीवरची नसलेली धूळ पुसली.

"त्याला सांगायचं काय?"

"सांग जिंकलो म्हणून," किनुएताई म्हणाल्या. "त्यानं आयुष्यभर लोकांना खोटंच सांगितलं. एकदा आपण सांगू."

सहा तारखेला सकाळी दहा वाजता बगळ्यांचे पांढरे-करडे सदरे घातलेली काही माणसे त्रेचाळीस पायऱ्या चढत होती. त्सुबोइने सोळापैकी सहा डबे पुन्हा मिळवले होते आणि सगळ्यांना ताकीद दिली होती की चेहरे जिंकल्यासारखे ठेवायचे. एकसष्ट वर्षांत कुणाला सराव उरला नव्हता. त्याचा स्वतःचा चेहरा दातदुखीकडे झुकत होता. उराबेबाई रजा टाकून आल्या होत्या. "कागद बघायला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो खरोखरच बघितला, दोन्ही बाजूंनी. किनुएताई सातव्या पायरीवर थांबल्या, एकविसावीवर बसल्या, आणि शेवटच्या दहा इनुइच्या खांद्याला धरून चढल्या. इनुइ काहीच बोलला नाही. त्या न बोलण्यानेच त्याने बरीच मदत केली.

र्योशो वर उभा होता. आदल्या दिवशी त्याच्या संघाने ध्वज जिंकला होता, आणि त्याच्या तोंडावर त्याची रेषाही नव्हती.

"मंत्रात मी खोटं बोलणार नाही," त्याने हिरोत्सुंना बाजूला घेऊन सांगितले. "मंत्र तसाही कुणाला कळत नाही. नंतर मात्र मी गप्प राहीन. जे सांगायचं ते तुम्ही सांगा."

मंत्र झाले. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, मग विचार बदलल्यासारखा वळला. इनुइने खालची शिळा बाजूला सरकवली. आत काळोख होता, आणि काळोखात एका जुन्या कलशाचा खांदा, गेनच्या वडिलांचा. हिरोत्सुंनी पेटी मांडीवर घेतली, वहीचे कोरे पान उघडले, आणि घसा साफ केला.

"गेन," ते म्हणाले. "काल आपण जिंकलो."

मागे त्सुबोइने जिंकल्यासारखा चेहरा करून पाहिला. उंच झाडात एक कावळा ओरडला आणि त्यालाही अवघडल्यासारखे झाले.

"एवढंच?" किनुएताई पुटपुटल्या. "तो विचारणार ना, कसे जिंकलो ते."

हिरोत्सुंनी कोऱ्या चौकटींकडे पाहिले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी न घडलेले काही कधी सांगितले नव्हते. त्यांनी पेन्सिल उचलली.

"पहिल्या डावात," ते म्हणाले, "आपल्या पहिल्या फलंदाजाने पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली."

"कोण, तो ओनिझुका?" त्सुबोइ न राहवून म्हणाला. "तो पहिल्या चेंडूवर डोळेसुद्धा उघडत नाही."

"काल उघडले. मी स्वतः ऐकलं."

कुणीतरी खुदकन हसले. हिरोत्सु दचकले. मग त्यांनी, अत्यंत गंभीरपणे, चेंडू कोणत्या दिशेला, किती हात उंच आणि कोणत्या जाहिरातफलकाला लागला ते सांगितले. त्या फलकावरच्या दंतमंजनाची किंमतही सांगितली, आणि ती दोन येनने चुकली म्हणून स्वतःच दुरुस्त केली. उराबेबाईंनी रुमाल तोंडाशी धरला. चौथ्या डावात राजधानीच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरला शिंक आली, तेव्हा र्योशो म्हणाला, "त्याला शिंका येत नाहीत." हिरोत्सुंनी त्याला शांतपणे टोकले, "तुम्ही मंत्रात लक्ष घालावं," आणि थडग्यांचे सगळे आवार हसले. इनुइसुद्धा, निदान त्याच्या छिन्नीच्या पिशवीतून तसा आवाज आला. हिरोत्सु बोलत गेले. जे एकोणिसाव्या वर्षी अकरा मिनिटांत जमले नाही ते आता आठ डाव जमत होते, आणि ज्याच्याकडे वळून बघावे तो मांडीवर होता.

"नववा डाव," ते म्हणाले. "चार-तीन. आपण पुढे. दोन बाद, दोन बेसवर. एक बाद करायचा, की ध्वज आपला."

हसू विरले. खोटे आहे हे माहीत असूनही त्सुबोइने मुठी वळल्या.

"चेंडू वर उडाला. सोपा. फार उंच. उन्हात दिसेना, मग दिसला. खाली फुनाकोशी. त्याने हात वर केले."

हिरोत्सु थांबले. पेन्सिल चौकटीवर टेकली होती. एक लहानशी खूण काढायची होती, बादची. जगात कुणीही तपासणार नव्हते. त्यांनी शिळेखालच्या काळोखाकडे पाहिले, जिथे एक माणूस अठ्ठावीस वर्षे एकच प्रश्न हातात धरून बसला होता. मग मांडीवरच्या पेटीकडे. पेन्सिल हलेना.

"सुटला," हिरोत्सु म्हणाले.

वारा पडला होता.

"हिरोत्सुसान," त्सुबोइ कळवळून म्हणाला, "अहो, तुमच्याच हातात होतं की हो. खोटा सामनासुद्धा हरलात?"

पहिल्या हसल्या किनुएताई. त्या हसता हसता वाकल्या, थडग्याच्या दगडाला धरून, भावाच्या नव्या कोरलेल्या नावावर हात ठेवून, आणि डोळे पुसत राहिल्या. ते कशाचे पाणी होते ते विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती.

"आता त्याला पटेल," त्या म्हणाल्या. "जिंकलो म्हणाला असतास, तर त्याने पेटीतून डोकं काढून विचारलं असतं, हे भिकार कुणी लिहिलं म्हणून."

"पण तो रिकाम्या हाती जाईल, ताई."

"रिकाम्या कसा? एवढा सामना दिलास की त्याला. बाबांना सांगायला बसला तर वर्षं पुरायची नाहीत. आणि शेवट आला की दोघं मिळून तुला शिव्या देतील. ठेव आता. माझे गुडघे बोलायला लागलेत."

हिरोत्सुंनी कलश कापडातून काढला. सात वर्षांत तो हलका झाला होता, किंवा त्यांच्या हातांना सवय झाली होती. गुडघ्यांवर बसून त्यांनी तो आत, जुन्या कलशाला खांदा लागेल असा ठेवला. इनुइने शिळा सरकवली. दगडावर दगड बसल्याचा आवाज झाला, जड आणि व्यवस्थित, एखादा अर्ज दाखल करून घेतल्यासारखा.

डबे खाताना र्योशोने हिरोत्सुंपुढे आपले लोणचे सरकवले. "फुनाकोशीने तो घ्यायला हवा होता," तो हळूच म्हणाला. कालचा की आजचा, ते त्याने सांगितले नाही.

घरी आल्यावर हिरोत्सुंनी रेडिओ मधोमध सरकवला, मग पुन्हा होता तिथे ठेवला. वही काढली. वर्षाचा शेवटचा सामना त्यांनी कालच नोंदला होता, पण पुढच्या पानावर आठ डावांच्या खुणा होत्या आणि नववा अर्धवट. अपुरे पान ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी फुनाकोशीच्या नावावर चूक लावली, मागोमाग दोन धावा दिल्या, बेरीज करून पाहिली: चार-पाच. मैदान या शब्दापुढे देवळाचे नाव लिहिले. राहिली तळाची चौकट. या सामन्यात ते स्वतः सांगणारे होते, प्रेक्षक नव्हते. त्यांनी बोटांवर मोजले: ताई, त्सुबोइ, उराबेबाई, इनुइ, र्योशो. मग पेन्सिलीला पुन्हा टोक केले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले:

सात. पैकी दोन खाली.